भागीच्या केसांची बाहुली

एका डोळ्याचा रंग गाळलेल्या चहासारखा. दुसऱ्याचाही तोच, पण तो डोळा आता जागेवर नाही.

धसईच्या बाजारात, लसणीच्या ढिगाशेजारी, एक मुलगी दुसऱ्या बाईच्या पिशवीत हात घालून केस चाचपते आहे.

"साखरेला कुलूप लावते मी. मिठाला कोन चोरतो?"

ओढ्यापलीकडे एक घर. अंगणात गवत कमरेएवढं. कौलं शाबूत आहेत, चूल शाबूत आहे, माणूस नाही.

माणसाचं टक्कल केलं तर तो रागीट दिसतो की घाबरलेला? (असं एकदा मला विचारलं गेलं. तेव्हा मला टक्कल होतं.)

डावा हात कोपरात वाकवून पोटाशी. असा. नाही, अजून घट्ट.

मी एक जुनी, सांधेवाली बाहुली आहे. मित्रांनो, तुम्हाला मित्रांनो म्हणायची पद्धत आहे म्हणून म्हणते. तुम्ही मित्र आहात की नाही, हे मी अजून ठरवलेलं नाही. राग मानू नका. मला घडवलंच तसं आहे. मी गावात आले ती तुकड्यांनी आले, तेव्हा गोष्टही तुकड्यांनीच सांगते.

धड

माझा जन्म समुद्रापलीकडच्या एका कारखान्यात झाला, असं म्हणतात. मी ते पाहिलेलं नाही. तेव्हा मला डोळे नव्हते, म्हणून या भागावर अर्धाच विश्वास ठेवा.

रेझिन नावाचा एक रस असतो. तो साच्यात ओतला की दगडासारखा घट्ट होतो. माझी मांडी वेगळ्या साच्यात झाली, पोटरी वेगळ्या, पंजा वेगळ्या. जिथे जिथे माणसाला सांधा असतो तिथे मला एक गुळगुळीत गोळा आहे. आतून मी पोकळ आहे. त्या पोकळीतून इलॅस्टिकची दोरी जाते आणि मानेच्या आत एका लोखंडी आकड्याला अडकते. दोरी ताणलेली असली की मी उभी राहते, बसते, मान वळवते. कवटीला मागून झाकण आहे, ते निघतं.

मला खेळायला घेत नाहीत. हौशी लोक माझ्यासारख्यांचा संग्रह करतात. आम्ही येतो त्या कोऱ्या येतो. गालावर रंग नाही, डोक्यावर केस नाहीत, डोळ्यांच्या जागी भोकं. जो विकत घेतो त्यानं रूप द्यायचं, नाव द्यायचं आणि सगळ्यात अवघड म्हणजे स्वभाव द्यायचा.

मला विकत घेतलं ते मुंबईच्या शरयू मॅडमनी. साल २००४. मुरबाडहून धसईकडे जाताना रस्त्यालगत त्यांचा बंगला होता. शनिवार-रविवार त्या तिथे येत. एक अख्खी खोली बाहुल्यांची होती. मुंबईत त्यांच्यासारखे लोक एकमेकांच्या घरी जमत, आपापल्या बाहुल्या मांडत आणि ही कोण, हिला काय आवडतं, हिची भीती कसली, असं तासन्‌तास बोलत. संगणकावर फोटो टाकत. तिथे कोणीतरी मॅडमना म्हणालं होतं, "शरयू, तुझ्या सगळ्या मुली एकाच शाळेतल्या वाटतात. सगळ्या गोड आणि सगळ्या एकट्या."

ते मॅडमना लागलं होतं.

डोकं

बंगल्याची राखण देवराम करायचा. त्याची मुलगी समीक्षा बारावी झालेली, घरी बसलेली. बाहुल्यांच्या खोलीतली धूळ पुसायला ती येऊ लागली. एक दिवस एका बाहुलीची मान पुसता पुसता ती म्हणाली, "मॅडम, ही गोड नाय. ही चुगलखोर हाय."

मॅडम हसल्या. "तुला कसं कळलं?"

"मानेवरनं. बघा ना. तोंड समोर हाय, पन कान मागं लागलाय."

मॅडमचं हसू थांबलं. त्या दिवसापासून समीक्षाच्या हातातलं फडकं गेलं आणि ब्रश आला.

बाहुलीला स्वभाव देण्याची तिची एक रीत होती. ती कोऱ्या बाहुलीला खिडकीत बसवून ठेवायची आणि दोरीच्या ताणानं ती कुठे कलते ते बघायची. मग कामं करता करता तिच्याशी मोठ्यानं बोलायची. "काय गो, तुला राग कशाचा येतो? लपवतेस काय? कोन बघत नसलं की बसतेस कशी?" या तीन गोष्टी कळल्याशिवाय ती रंगाची डबी उघडत नसे. नाव अगदी शेवटी. रूपासाठी ती गावातल्या माणसांकडून उचलायची, पण मिसळून. एकीचं नाक, दुसरीची चाल, तिसरीचं लाजणं. "एकाच मान्साचं सगळं घेतलं की ती बाहुली रहात नाय, फोटो होतो," असं ती मॅडमना सांगायची.

तिचा हा नियम चांगला होता. माझ्या वेळी तिनं तो पाळला नाही.

मॅडमनी मला तिच्या हातात दिलं आणि सांगितलं, "मला एक संशयी मुलगी हवी. कोणावर म्हणजे कोणावर विश्वास नाही. पण ती बघणाऱ्याला आवडली पाहिजे."

समीक्षा मला एसटीनं घरी घेऊन आली. धड मांडीवर, डोकं टॉवेलात गुंडाळून पिशवीत. कंडक्टरनं माझ्या हातापायांकडे बघितलं आणि विचारलं, "हिचं अर्धं तिकीट फाडू का?"

"डोकं आलं की फाडा," समीक्षा म्हणाली. गाडीतले सगळे हसले. मला वाटतं, त्यातले सगळेच गमतीनं हसले नव्हते. एक म्हातारी उठून पुढच्या सीटवर जाऊन बसली, असं समीक्षानं नंतर सांगितलं.

भुवई

समीक्षाच्या घरासमोर भागीचं घर होतं. भागी संशयी होती. ही माझी चुगली नव्हे, गावात कोणालाही विचारा.

ती दळण आणलं की पिठाचा वास घ्यायची, गिरणीवाल्यानं बदललं तर नाही ना म्हणून. कोणी खीर दिली तर आधी देणाऱ्याला एक घास खायला लावायची. घरातल्या सगळ्या डब्यांच्या चाव्या तिच्या कमरेच्या चंचीत असत आणि चंची लुगड्याच्या निऱ्यांत खोचलेली. सून सोनाली चार वर्षांची नांदती, पण तिला पोहे काढायचे तरी चावी मागावी लागे. भागीची उजवी भुवई कायम वर. जग तिला काहीतरी विकायला आलंय आणि ती ते घेणार नाहीये, अशी.

मला खिडकीत बसवून समीक्षा समोर बघत राहायची आणि माझ्याशी बोलायची. "तुला राग कशाचा येतो? फुकट मिळालेल्या वस्तूचा. बराबर?" तिनं माझी उजवी भुवई वर काढली. "लपवतेस काय?" इथे ती अडकली. भागी काय लपवते ते तिला ठाऊक नव्हतं. "मीठ," ती शेवटी म्हणाली. "तू मीठ कुलपात ठेवतेस." आणि स्वतःच हसली.

मित्रांनो, तिसरा प्रश्न नीट ऐका. कोण बघत नसताना कशी बसतेस? समीक्षानं बघितलं होतं की भागी ओट्यावर एकटी असली की डावा हात कोपरात वाकवून कमरेशी धरते. घट्ट. चंची कोणी ओढून नेईल अशी. समीक्षाला ते फार आवडलं. तिनं माझ्या डाव्या हाताची दोरी आखूड केली आणि खांद्याशी गाठ मारली. माझा हात पोटाशी गेला तो गेलाच.

हे गणपतीच्या आधीचं. हा क्रम लक्षात ठेवा. मी तर कोणाच्याच सांगण्यावर जात नाही, पण क्रमावर जाते.

केस

आमच्या भागात बायका विंचरताना निघालेले केस फेकत नाहीत. बोटाला गुंडाळून त्याचा गुंता कुडाच्या भेगेत खोचून ठेवतात. मग पारू येते. "केसावर पिना घ्या, केसावर चाळन घ्या!" पारू केस घेते आणि बदल्यात भांडं, पिना, फुगे देते. ते केस पुढे कुठे जातात ते कोणी विचारत नाही.

विचारत नाहीत, पण मनात एक असतं. केस म्हणजे आपलं अंग. ते कोणाच्या हातात पडले आणि त्यानं त्याचं काही केलं तर? म्हणून पारूला देताना सगळ्यांचे गुंते एकत्र कालवून देतात. कोणाचे कुठले ते कळू नये.

भागीचे केस पिंगट होते. उन्हात मधासारखे. अख्ख्या गावात तसे दुसरे नव्हते. कालवले तरी ते वेगळे दिसायचे.

नवरात्र झाल्यावर धसईच्या बाजारात समीक्षानं पारूला गाठलं आणि पिशवीत हात घातला.

"कोनाचे गो हे?" तिनं विचारलं.

"मला काय नावं म्हाईत? तुला टोप करायचाय ना बाहुलीचा? घे की."

समीक्षाला ठाऊक होतं कोणाचे ते. विचारायला नको होतं, इतकं ठाऊक होतं. तिनं ते शिकेकाईनं धुतले, एका कापडी टोपीवर टाका टाका घालून शिवले आणि दिवाळीत माझ्या डोक्यावर चढवले. डोळे बसवले. मला दिसायला लागलं आणि पहिली गोष्ट दिसली ती समोरच्या ओट्यावरची भागी.

आम्ही दोघींनी एकमेकींकडे संशयानं पाहिलं. तिनं मला पाहिलं नसेलही.

डावा हात

दिवाळीनंतर भाताची झोडणी लागली. खळ्यावर भागीनं पेंढी उचलली आणि ती तिच्या हातून पडली. डावा हात खांद्याच्या वर जाईना. कोपरात वाकलेला, पोटाशी धरलेला. मुरबाडच्या डॉक्टरांनी खांदा धरलाय म्हणून सांगितलं, गोळ्या दिल्या, हलवत राहा म्हणाले. हात हलेना.

मग एक दिवस ती विरजण मागायला समीक्षाच्या घरी आली. मी खिडकीत होते.

तिनं वाटी खाली ठेवली. जवळ आली. वाकली. माझ्या डोक्याचा वास घेतला, पीठ हुंगते तसा. मग माझी भुवई बघितली. मग हात.

"सकू," ती समीक्षाच्या आईला म्हणाली, "ही कोन?"

सकुबाई चुलीपासून उठत म्हणाली, "पोरीच्या कामाची हाय गो भागीबाय. त्या मॅडमची."

"केस मॅडमचे हायेत?"

सकुबाईनं समीक्षाकडे बघितलं. आणि समीक्षा म्हणाली, "कोनाचे नाय, काकी. पारूकडचे हायेत. ती कोनाची बाहुली नाय."

खोटं बोलायचं तर निदान पूर्ण बोलावं. ती अर्धंच बोलली आणि तिनं तोंड फिरवलं. भागी विरजण न घेताच गेली. वाटी तिथेच राहिली.

संध्याकाळपर्यंत गावच्या देवऋषीनं, रघू भगतानं, तांदळाचे दाणे टाकून बघितले होते. त्यानं सांगितलं की हात करणीनं बांधलाय. कोणी बांधला ते गावानं सांगितलं.

आता ते ओढ्यापलीकडचं घर. तिथे एक बाई राहायची. खूप वर्षांपूर्वी कोणाचं तरी वासरू मेलं, कोणाचं तरी पोर तापलं, आणि ती भुताळी आहे असं ठरलं. तिला मारलं नाही. नुसतं तिच्या घरी जाणं बंद केलं, विहिरीवर तिला पाणी बंद केलं. एके दिवशी ती निघून गेली. सगळं गाव त्या घराजवळून जाताना बोलणं थांबवतं. समीक्षा लहानपणी त्या अंगणात बोरं वेचायची. आता ती खिडकीतून त्या बाजूला बघायला लागली, आणि तिच्या हातातला ब्रश वाळून गेला.

सकुबाईला माझा धाक वाटू लागला. ती मला घरात ठेवेना आणि फेकायचंही धाडस होईना. शेवटी तिनं मला कांद्याच्या जाळीच्या पिशवीत घातलं आणि दाराशेजारच्या खिडकीच्या गजाला बाहेरून टांगलं. "कोन मागायला आला तर उंबऱ्याच्या आत नको यायला. तिथनंच नेऊ दे."

जाळीतून मला सगळं दिसत होतं. येणारे-जाणारे माझ्याकडे बघत आणि रस्त्याच्या पलीकडून जात. मी विचार करत होते. मी खरंच काही केलंय का? मी तर पोकळ आहे. पण पोकळ वस्तूत काय काय मावतं ते त्या वस्तूला कुठे ठाऊक असतं?

पाट

मारुतीच्या देवळापुढे बैठक बसली. दुपारची वेळ. देवरामनं पिशवी हाताच्या अंतरावर धरून मला नेलं. मध्ये एक पाट ठेवला होता, त्यावर मला बसवलं. मला आयुष्यात इतका मान कधी मिळाला नव्हता आणि इतक्या लांबूनही कोणी बघितलं नव्हतं.

रघू भगत म्हणाला, "केस तिचे. भुवई तिची. हात तिचा, बांधलेला. आजून काय बघायचं रायलंय?"

"पोरीला गावात ठेवायची का नाय, येवढंच ठरवा," मागून कोणीतरी म्हणालं.

सकुबाई डोक्यावर पदर घेऊन बसली होती. समीक्षा उभी होती. तिला विचारलं. ती पुन्हा तेच म्हणाली, "ती कोनाची नाय."

"कोनाची नाय तर केस कोनाचे गो?"



तेव्हा भागी उठली. "सरका," म्हणाली.

"भागीबाय, हात नको लावू," रघू म्हणाला. "आदी उतारा करू. काळा कोंबडा..."

"रघ्या, मी कोनाच्या बोलन्यावर जात नाय. तुज्या पन नाय. मला बघू दे."

ती माझ्यासमोर मांडी घालून बसली. उजव्या हातानं तिनं माझे केस ओढून काढले. तिचेच केस. मग नखानं कवटीची फट शोधली आणि झाकण काढलं.

"आयो, हिला झाकन हाय!" एक पोरगी ओरडली. आयांनी पोरांना मागे ओढलं.

भागीनं आत डोकावलं. आत बोट घातलं. हुंगलं. "लिंबू नाय. टाचनी नाय. कुकू नाय. आकडा हाय, म्हशीच्या साखळीला असतो तसला." तिनं तो आकडा ओढला. दोरी ताणलेली होती, ती निसटली आणि माझे दोन्ही पाय एकदम उडाले. पुढची रांग किंचाळून उठली. रघू भगत सगळ्यांत लांब जाऊन उभा राहिला.

"बस रे, बस," भागी म्हणाली. "रबर हाय नुसता." तिनं माझे पाय पाटावर ठेवले, मग माझा उजवा हात उचलून सोडला. तो लोंबला. मग डावा. तो हलला नाही.

"ह्याला गाठ का मारली?" तिनं समीक्षाकडे न बघता विचारलं. "खरं बोल. तुजं खोटं मला वासानं कळतं."

समीक्षा रडत होती. रडताना तिचा आवाज उलट मोठा झाला. "काकी, ती तूच हायेस. मॅडमला संशयी बाई पायजे व्हती. मी तुला बघून केली. तू पीठ हुंगतेस. तू दुसऱ्याला आदी खायला लावतेस. मीठ कुलपात ठेवतेस. तुजी भुवई. तुजे केस मी पारूकडनं घेतले, मला कळत व्हतं तुजे हायेत. आनि हात... तू हात असा धरतेस ना कमरेशी? चंची कोन नेईल म्हनून. गनपतीच्या आदीपासनं बघते मी. म्हनून तसा बांधला."

लोक हसले. भीतीतून सुटताना माणसं हसतात तसं. कोणीतरी म्हणालं, "बराबर केलीय! भागीच हाय ती!"

भागी हसली नाही. तिची भुवई खाली आली. मी ती खाली आलेली तेव्हा पहिल्यांदा पाहिली.

"गनपतीच्या आदी?"

"हां काकी."

भागीनं मान वळवून सोनालीकडे बघितलं. सुनेकडे. बराच वेळ. मित्रांनो, तेव्हा ती काय तोलत होती ते मला कळलं, कारण मला तिच्यासारखंच घडवलं होतं. एका बाजूला समीक्षाचं गावात राहणं. दुसऱ्या बाजूला कमरेची चंची.

मग ती म्हणाली, "चंची सांभाळायला नाय गो. दुखत व्हता. लावनीपासनं दुखत व्हता. चिखलात पाय घसरला तवा. म्हनून धरायची."



"ह्या पोरीनं बाहुली बांधली, तवा माजा हात आदीच गेल्याला. बाहुली माज्या हाताला बघून झालीय. माजा हात बाहुलीला बघून नाय."

सोनाली उठून उभी राहिली. "आत्या, लावनीपासनं? आनि बोलल्या नाय? सगळी कापनी केली तशीच?"

"बोलली असते तर चावी कोनाकडं गेली असती?"

यावर सगळे हसले, एक सोनाली सोडून.

"तरी पन," रघू भगत लांबूनच म्हणाला, "उतारा करायलाच पायजे. कोंबडा..."

"कोंबडा खायचाय तर सरळ माग ना रे. देते. उगा पोरीचं नाव कशाला घेतोस?" भागी उठली. मग समीक्षाच्या समोर जाऊन उभी राहिली. "आनि तू. मी मीठ कुलपात ठेवत नाय. साखरेला कुलूप लावते मी. मिठाला कोन चोरतो? येवढं समोर रातेस आनि येवढं पन विचारता येत नाय?"

समीक्षानं मान खाली घातली.

"विचारलं असतं तर केस दिले असते," भागी म्हणाली. "नसते पन दिले. पन विचारायचं."

तिनं माझं धड, डोकं, झाकण, केस, सगळं पदरात गोळा केलं. "माजे केस हायेत. माज्या घरात रातील."

डोळे

शनिवारी शरयू मॅडम आल्या. त्यांना सगळं आधीच कळलं होतं. त्या घाबरल्या असतील असं समीक्षाला वाटलं होतं. त्या आनंदात होत्या.

"अगं, याहून चांगली गोष्ट कुठल्या बाहुलीला मिळेल? तिला इथे घेऊन ये. त्या बाईंचाही फोटो काढू. दोघी शेजारी. लोक वेडे होतील."

"मॅडम, ती आता काकीची हाय."

"डॉल माझी आहे, समीक्षा."

"हां. पन बाकीचं सगळं तिचं हाय."

मॅडमनी समीक्षाचे ब्रश उचलून बाजूला ठेवले. मग म्हणाल्या, "ठेव तिला. पण तू परत येऊ नकोस." समीक्षा निघाली तेव्हा मागे त्या काचेच्या डोळ्यांची डबी उघडून बघत होत्या, काही कमी झालंय का. बाहुल्या पुढच्या खेपेला मुंबईला गेल्या. बंगल्याच्या त्या खोलीत आता पाण्याची मोटर ठेवतात. मॅडमचं बोलणं मी समीक्षाकडून ऐकलं, ती माझे सांधे जुळवायला भागीच्या घरी आली तेव्हा. डाव्या हाताची गाठ सोडवायला तिनं कात्री घेतली, तर भागी म्हणाली, "राहू दे. मी अशीच हाय."

समीक्षा आता मुरबाडला गणपतीच्या कारखान्यात डोळ्यांची आखणी करते. हातात ब्रश धरला की ती आजही बोलते म्हणे. देवाला ती काय विचारते ते मला ठाऊक नाही.

चाव्या भागीनं सोनालीला दिल्या. साखरेच्या डब्याची सोडून.

मी भागीच्या घरात, भाताच्या कणगीवर, खिळ्याला आहे. सुरुवातीला बायका मला बघायला यायच्या. "हिला इचार मी खोटं बोलते का," असं भागी कोणाशी भांडताना माझ्याकडे बोट दाखवून म्हणायची. ते माझे मानाचे दिवस. मग सवय झाली. रेझिन उन्हानं पिवळं पडतं, धुरानं आणखी पिवळं पडतं. मी आता भाकरीच्या रंगाची झाले आहे. आतली दोरी सैल झाली. पाय लोंबतात. डोळ्यामागची पुट्टी वाळली आणि एक डोळा कणगीत पडला. तो भाताबरोबर कुठे गेला ते कोणी शोधलं नाही. २००९ साल चाललं आहे. भागीचा हात डोक्यापर्यंत जातो, त्याच्या वर जात नाही.

भागीनं मला का ठेवलं? मला अजून संशय आहे. तिला मी आवडले म्हणून, की तिचे केस परत कोणाच्या हाती पडू नयेत म्हणून? आणि हा संशय तरी माझा आहे, की समीक्षानं माझ्या भुवईत काढलेला?

तुम्हाला काही सांगावं अशी गोष्टीच्या शेवटी अपेक्षा असते, म्हणून सांगते. माझ्यासारखी जुनी वस्तू घरात असेल तर तिला मानेनं टांगू नका. उन्हात ठेवू नका. दोरी सैल झाली तर बदला, ते सोपं असतं. आणि तुम्ही कोणाचा स्वभाव ठरवाल, म्हणजे हा कंजूष, ती घमेंडी, तो घुमा, तर ठरवायच्या आधी त्याला एकदा विचारा की बाबा, तुझं कुठे दुखतं का? हे मी सांगितलं म्हणून खरं धरू नका. करून बघा.

एक राहिलं, ते मी जाळीतून पाहिलं. बैठकीच्या दिवशी पहाटे, समीक्षाच्या घरातलं कोणी उठायच्या आधी, समीक्षाच्या दारावर कोणीतरी फासलेलं काळं भागीनं एका हातानं धुऊन काढलं.